शुक्रवारची सभा आणि सुट्टीतले काम



पहिल्या सत्राची परीक्षा संपत आली की आपल्या शाळेत दोन गोष्टी एकदम सुरू होतात. एक म्हणजे गावी जाण्याची तयारी, आणि दुसरी म्हणजे "बाई, या सुट्टीत आपल्या सेवा मंडळाने काय करायचे?" हा प्रश्न. प्रश्न चांगला आहे. पण तो दरवर्षी दोन महिने उशिरा विचारला जातो. तो वेळेवर कसा विचारायचा आणि त्याचे उत्तर कोठे शोधायचे, हे या पाठात पाहू.

प्रथम एक जुनी फजिती सांगते. मी त्या वेळी नव्यानेच मंडळाचे काम पाहू लागले होते. दिवाळीच्या आधी आम्ही ठरवले की घरोघरी जाऊन जुने कपडे गोळा करायचे आणि गरजूंना वाटायचे. मुलांनी उत्साहाने काम केले. चार दिवसांत सात पोती भरली. शेवटच्या दिवशी ती अडगळीच्या खोलीत ठेवली आणि सगळे जण सुट्टीवर गेले. कपडे निवडायचे कोणी, द्यायचे कोणाला, खोलीची किल्ली कोणाकडे राहील, यांतले काहीच ठरले नव्हते. शाळा उघडल्यावर पाहिले तर दोन पोती उंदरांनी कुरतडली होती. उरलेले कपडे घेऊन आम्ही जवळच्या वस्तीत गेलो. तेथील बायांनी आम्हाला बसायला सांगितले, पाणी दिले आणि मग अगदी सौम्यपणे समजावले की अशा साड्या त्यांच्याकडे दरवर्षी ढिगाने येतात. त्यांना हवे होते ते लहान मुलांचे स्वेटर आणि शाळेची दप्तरे. सात पोत्यांत स्वेटर निघाले तीन.

चूक मुलांची नव्हती, माझी होती. आम्ही कामाला सुरुवात केली होती, पण कामाआधी जे करायचे असते ते केलेच नव्हते. तेव्हापासून आपल्या मंडळाची सभा दर शुक्रवारी शेवटच्या तासाला भरते. काही मुलांना ही सभा कंटाळवाणी वाटते हे मला ठाऊक आहे. हजेरी, इतिवृत्त, हिशोब, पुन्हा हजेरी! प्रत्यक्ष सेवा सोडून हे काय चालले आहे, असे एकाने मला तोंडावर विचारलेही होते. त्याचे उत्तर द्यायला मला आपल्याच शहराचा इतिहास उपयोगी पडतो.

सुरतेतील रविवारची सभा

आठवड्याला एकदा जमून समाजाचा विचार करायचा ही गोष्ट सुरतेला नवी नाही. येथे 22 जून 1844 रोजी मानवधर्म सभा स्थापन झाली. गुजरातमधील अगदी सुरुवातीच्या सुधारक संस्थांमध्ये तिची गणना होते. ती स्थापन करणारे मुख्य दोघे. एक दुर्गाराम मंछाराम मेहता, सुरतेचेच, पेशाने शिक्षक. दुसरे दादोबा पांडुरंग तर्खडकर, मुंबईचे मराठी गृहस्थ, सुरतेच्या इंग्रजी शाळेत नोकरीनिमित्त आलेले.

दादोबांचे नाव तुम्ही व्याकरणाच्या तासाला ऐकले असेल. त्यांचे मराठी व्याकरण 1836 साली प्रसिद्ध झाले. आज तुम्ही नाम, सर्वनाम, विशेषण म्हणून जे पाठ करता त्याची मांडणी पुष्कळशी त्यांनी घालून दिलेल्या वाटेने आली आहे. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. तेव्हा व्याकरण अवघड वाटले तर राग कोणावर काढायचा हे आता कळले! हाच माणूस सुरतेत राहून गुजराती सोबत्यांबरोबर समाजसुधारणेच्या सभेत बसत होता, हे मात्र आपल्या पुस्तकांत क्वचितच सांगितले जाते. सभेत दिनमणिशंकर शास्त्री, दलपतराम मास्तर आणि दामोदरदास हेही होते. पाचही नावे 'द' ने सुरू होतात, म्हणून गुजरातीत त्यांना 'पाच दद्दा' असे म्हणत.

या सभेची बैठक दर रविवारी भरत असे आणि कोणीही तेथे येऊ शके. जातिभेद, विधवांची स्थिती, भुताखेतांच्या कल्पना यांवर तेथे बोलणे होई. मंत्राने आणि जादूने चमत्कार करून दाखवतो म्हणणाऱ्यांना सभेने जाहीर आव्हान दिले होते की आमच्यासमोर करून दाखवा. त्या काळी वेगवेगळ्या जातींची माणसे एका जागी बसून असे बोलत, यातच केवढे धैर्य होते याचा विचार करा.

आता पुढचा भाग. 1846 साली दादोबा मुंबईला गेले. 1852 साली दुर्गाराम राजकोटला गेले. आणि सभा संपली. विचार चांगले होते, माणसे निर्भय होती, दर रविवारचा नेमही होता. परंतु सभा ज्यांच्या खांद्यांवर उभी होती ती दोन माणसे गेल्यावर तिला धरून ठेवणारे कोणी उरले नाही.

याच दादोबांचे धाकटे बंधू डॉक्टर आत्माराम पांडुरंग. त्यांच्या पुढाकाराने 1867 साली मुंबईत प्रार्थना समाज स्थापन झाला. तेथेही आठवड्याची उपासना होती, आणि तिच्या जोडीला मजुरांसाठी रात्रीच्या शाळा, पंढरपूरला अनाथ बालकांसाठी आश्रम अशी कामे होती. आत्माराम गेले, त्यांच्यानंतरचे गेले, तरी ही संस्था गिरगावात आजही आहे. दोन्ही भावांच्या हेतूत फारसा फरक नव्हता. माझ्या मते फरक पडला तो कामे आणि जबाबदाऱ्या दुसऱ्यांच्या हाती सोपवत जाण्याने. आपल्या मंडळात तर हा प्रश्न दरवर्षी येतो. दहावीची मुले मार्चमध्ये निघून जातात आणि त्यांच्याबरोबर सगळी माहितीही जाते. पक्ष्यांच्या दवाखान्याचा पत्ता कोणाला ठाऊक? गेल्या वर्षीच्या ताईला. ताई कोठे आहे? कॉलेजात!

फिरती सभा

जगात सेवा करणाऱ्या क्लबांपैकी रोटरीचे नाव तुम्ही ऐकले आहे. आपल्या शहरातील चौकांत, बागांत तिचे दातेरी चाक रंगवलेल्या पाट्याही पाहिल्या असतील. तिची सुरुवात 23 फेब्रुवारी 1905 रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाली. पॉल हॅरिस नावाचा वकील, एक खाणींचा इंजिनिअर, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी असे चौघे त्या इंजिनिअरच्या कचेरीत जमले. पुढे प्रत्येक सभासदाच्या कचेरीत पाळीपाळीने सभा होऊ लागली. सभा अशी फिरती, म्हणून नाव रोटरी. थोडक्यात, जगभर पसरलेल्या या संस्थेला नाव मिळाले ते तिच्या कोणत्याही मोठ्या कामावरून नाही, तर सभेच्या पद्धतीवरून.

सुरुवातीला ही मंडळी केवळ आपापसातील ओळख आणि धंदा वाढवण्यासाठी जमत होती. पण दर आठवड्याला भेटणारी माणसे शेवटी आजूबाजूच्या गोष्टी बोलू लागतातच. त्यांनी हाती घेतलेले पहिले लोकोपयोगी काम कोणते असेल, ओळखा पाहू. दवाखाना नाही, शाळा नाही. शिकागोमध्ये सार्वजनिक शौचालय व्हावे म्हणून त्यांनी पाठपुरावा केला! 1994 साली प्लेगच्या भीतीने लाखो लोकांनी सोडलेले आणि त्यानंतर काही वर्षांतच स्वच्छतेसाठी नाव मिळवलेले हे आपले शहर. आपल्याला या कामाचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

रोटरीत अनेक वर्षे दर आठवड्याला सभा घेणे बंधनकारक होते. आपल्या क्लबची सभा चुकली तर सभासदाने दुसऱ्या गावच्या क्लबच्या सभेत हजेरी लावून ती भरून काढायची. 2016 साली नियम सैल झाला आणि महिन्यातून किमान दोन सभा पुरतात असे ठरले. मोठ्या माणसांना कामधंदे असतात, त्यांना ते ठीक आहे. मुलांच्या बाबतीत मी साप्ताहिक सभेचाच आग्रह धरीन, कारण पंधरा दिवसांपूर्वी काय ठरले होते हे सातवीतल्या मुलाला आठवत नाही. हे मी अनुभवाने सांगते. बारा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी रोटरीने 1962 साली इंटरॅक्ट क्लब सुरू केले. त्यांना वर्षातून किमान दोन सेवाकार्ये करावी लागतात. त्यांपैकी एक आपल्या शाळेसाठी किंवा परिसरासाठी असते, तर दुसरे निरनिराळ्या देशांतील लोकांची समज वाढवण्यासाठी.

वहीत काय लिहावे

सभा कशी चालवायची ते आता पाहू. आपला वेळ चाळीस मिनिटांचा. वेळेवर सुरू करणे आणि वेळेवर संपवणे हे अध्यक्षाचे पहिले काम. हजेरी दोन मिनिटांत होते. त्यानंतर सचिवाने मागच्या सभेचे इतिवृत्त वाचायचे. हा सभेचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे आणि नेमका याच वेळी मागच्या बाकांवर गप्पा सुरू होतात.

इतिवृत्त म्हणजे सभेचा निबंध नव्हे. एका जुन्या वहीत मला हे वाक्य सापडले: 'दिवाळीत गरिबांना मदत करावी असे सर्वानुमते ठरले.' वाक्य शुद्ध आहे, अक्षर सुंदर आहे, पण त्याचा उपयोग शून्य. कोणते गरीब? कोणती मदत? कोण करणार? हेच असे लिहिता येईल: 'शाळेमागील वस्तीत जाऊन मुलांना हिवाळ्यासाठी कशाची गरज आहे ते विचारायचे. जाणार: नववीतील दोघी आणि आठवीतील एक, सोबत एक शिक्षक. पुढच्या शुक्रवारी सभेत सांगायचे.' काय, कोण आणि केव्हापर्यंत, ही तीन उत्तरे ज्या ठरावात नाहीत तो ठराव वहीत घेऊच नये असा नियम आपण केला आहे. पुढच्या शुक्रवारी हेच वाचले जाते आणि ज्याचे नाव आहे त्याला उभे राहून उत्तर द्यावे लागते. सभेत कोणी रागावत नाही, तरी हे उभे राहणे मोठमोठ्या भाषणांपेक्षा जास्त काम करून घेते.

आणखी एक पाहा. वरच्या ठरावात पहिले काम 'विचारणे' हे आहे, 'देणे' हे नाही. आमची सात पोती फसली ती येथेच.

हिशोबही दर आठवड्याला मोठ्याने वाचायचा. शिल्लक पस्तीस रुपये असली तरी वाचायची. पैशांबद्दल संकोच वाटू नये याची सवय लहानपणीच लागलेली बरी. मोठेपणी ती लावून घेणे फार कठीण जाते. सचिव दर सत्राला बदलायचा आणि नववीच्या सचिवाबरोबर सातवीचा एक मदतनीस बसवायचा. दवाखान्यांचे, रक्तपेढीचे, पालिकेच्या वॉर्ड कचेरीचे पत्ते वहीच्या शेवटच्या पानांवर लिहून ठेवायचे, म्हणजे ताई कॉलेजात गेली तरी पत्ता शाळेत राहतो. उरलेल्या वेळात एखाद्या पाहुण्याला दहा मिनिटे बोलवावे. पाहुणा मोठा असायला हवा असे नाही. लूमच्या कारखान्यात रात्रपाळी करणारे एखाद्याचे वडील, बसचे कंडक्टर काका, दवाखान्यातील परिचारिका यांच्याकडून आपल्या भागात कशाची उणीव आहे ते जितके कळते तितके पुस्तकातून कळत नाही.

2006 च्या ऑगस्टमध्ये तापीला महापूर आला आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला, हे तुमच्या आईवडिलांना चांगले आठवत असेल. लोक गच्चीवर अडकले होते. त्या दिवसांत मी पाहिले की ज्या मंडळांतील माणसे आधीपासून नेमाने भेटत होती, त्यांना ट्रॅक्टर कोणाकडे आहे, मोठी पातेली कोठे मिळतील, वरच्या मजल्यावर आजारी आजी कोणत्या घरात आहे हे ठाऊक होते. इतर ठिकाणी मदत करायला माणसे पुष्कळ होती, पण प्रत्येक गोष्ट शोधण्यात अर्धा दिवस जात होता.

सुट्टीत सुरत रिकामी होते

आता आपल्या खऱ्या अडचणीकडे येऊ. सेवेची गरज सणासुदीला आणि सुट्टीत वाढते, आणि नेमके तेव्हाच आपले मंडळ रिकामे होते. दिवाळीत कापड बाजार लाभपाचमपर्यंत बंद असतो. हिऱ्याचे कारागीर सौराष्ट्रात जातात आणि आपण खानदेशात. उधना स्टेशनवर त्या दिवसांत उभे राहायला जागा नसते. बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर ही स्टेशने आपल्या मुलांना पाढ्यांसारखी पाठ आहेत. बाहेरच्या शाळांनी केलेले सुट्टीतील सेवेचे कार्यक्रम आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत ते यामुळेच.

म्हणून सुट्टीच्या सहा आठवडे आधीच्या शुक्रवारी फळ्यावर तीन रकाने आखायचे: येथेच राहणारे, पहिल्याच दिवशी जाणारे आणि दिवाळी येथे करून नंतर जाणारे. प्रत्येकाने आपले नाव लिहायचे. ज्या कामाला दहा मुले लागतात आणि राहणारी आहेत चारच, ते काम त्या दिवशीच खोडायचे. खोडताना वाईट वाटते, पण सात पोती उंदरांना देण्यापेक्षा ते बरे.

जे राहणार आहेत त्यांच्यासाठी मी एक काम सुचवते, ते म्हणजे रक्तदानाची यादी. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेजे बंद असतात, त्यामुळे शिबिरे कमी होतात आणि रक्तपेढ्यांत टंचाई येते. रुग्ण मात्र तेवढेच असतात. थॅलेसेमिया झालेल्या मुलाला साधारण दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते, मग सण असो वा नसो. तुम्ही अठरा वर्षांखालील असल्याने स्वतः रक्त देऊ शकत नाही. पण आपल्या चाळीतील किंवा सोसायटीतील मोठ्या माणसांना विचारू शकता. वय अठरा ते पासष्ट, वजन किमान पंचेचाळीस किलो, पुरुषांनी आधी रक्त देऊन तीन महिने आणि स्त्रियांनी चार महिने झालेले असावेत, या मुख्य अटी. बाकीची तपासणी डॉक्टर करतात.

येथेही 'आधी विचारा' हा नियम विसरू नका. एका दिवशी शंभर माणसे नेऊन उभी केली की फोटो छान येतो, पण रक्त फार काळ साठवता येत नाही. त्यातील लाल पेशी साधारण पस्तीस ते बेचाळीस दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स नावाचा घटक तर फक्त पाच दिवस. तेव्हा रक्तपेढीला विचारावे की तुम्हाला कोणत्या आठवड्यात अडचण येते, आणि आपल्या यादीतील माणसे त्याप्रमाणे थोडी थोडी पाठवावीत. अशी वीस नावांची यादी एका मुलीने दुपारच्या वेळी शेजारीपाजारी फिरून तयार केली तरी मोठे काम होते.

जे गावी जाणार आहेत त्यांना सुटका आहे असे समजू नये. गाडी अमळनेरला थांबते तेव्हा एक गोष्ट आठवा. साने गुरुजी तेथे 1924 ते 1930 या काळात शिक्षक होते आणि छात्रालयात मुलांबरोबर राहत. मुलांच्या खोल्या झाडणे, त्यांची अस्ताव्यस्त पांघरुणे नीट ठेवणे ही कामे ते स्वतः करीत. मुलांसाठी 'छात्रालय दैनिक' नावाचे हस्तलिखित ते रोज काढत. रोज! मला त्यांच्या मोठेपणात या नेमाचा वाटा फार मोठा वाटतो.

गावी करण्यासाठी एकच काम घ्यावे, पण ते पूर्ण करावे. उदाहरणार्थ, आपल्या गल्लीत एखाद्या आजी-आजोबांना अंधूक दिसते का, ते पाहावे. पुष्कळदा तो मोतीबिंदू असतो. वय झाले, आता असेच चालायचे, असे म्हणून ते गप्प बसतात. सरकारी रुग्णालयांत मोतीबिंदूची शस्त्रक्रिया मोफत होते. घरातील मोठ्या माणसाला बरोबर घेऊन त्यांना एकदा तपासणीला नेणे, एवढेच तुमचे काम. दवाखान्यातील केस-पेपर लिहून देणे, पुढची तारीख त्यांच्या भिंतीवरील कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवणे, हे तुम्हाला सहज जमेल. आणि हो, पुढच्या तारखेला तुम्ही सुरतेत परत आलेले असाल. म्हणून ती तारीख गावातील कोणाच्या लक्षात राहील त्याचे नावही विचारून ठेवा. दादोबा मुंबईला गेल्यावर काय झाले ते आठवते ना?

उत्तरायण

दिवाळीनंतरचा आपला मोठा सण उत्तरायण. यासाठी मात्र बहुतेक सगळे जण सुरतेतच असतात, त्यामुळे मंडळाचे सर्वांत चांगले काम जानेवारीत होऊ शकते. मांजाने दरवर्षी पक्षी जखमी होतात, माणसांचे गळेही कापले जातात. गुजरात सरकार 2017 पासून 'करुणा अभियान' चालवते. साधारण 10 ते 20 जानेवारी या काळात जखमी पक्ष्यांसाठी उपचार केंद्रे उघडली जातात आणि अनेक संस्थांचे स्वयंसेवक त्यांत भाग घेतात. त्याच 2017 साली नायलॉनच्या मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने देशभर बंदी घातली. तरीही तो विकला जातो हे तुम्ही मला सांगायची गरज नाही, तुमच्यापैकी काहींच्या फिरकीवर मी तो पाहिला आहे.

पक्षी सकाळी घरट्यातून निघतात आणि संध्याकाळी परततात. म्हणून सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी पाचनंतर पतंग उडवू नका असे आवाहन केले जाते. हे आवाहन आपल्या सोसायटीच्या प्रत्येक जिन्यात स्वच्छ अक्षरात मराठी, गुजराती आणि हिंदीत लावायचे, हे पाचवी-सहावीच्या मुलांचे काम.

जखमी पक्षी सापडला तर काय करायचे, हे डिसेंबरमधील एका सभेत प्रत्यक्ष करून शिकायचे आहे. पंखात अडकलेला मांजा ओढायचा नाही. ओढल्याने जखम खोल जाते. पक्ष्याच्या दोन्ही बाजूंचा मांजा कात्रीने कापून उरलेला तसाच राहू द्यायचा. पक्ष्याला हलक्या कापडाने झाकून, भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात शांत जागी ठेवायचे. चोचीत जबरदस्तीने पाणी घालायचे नाही, कारण ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी मरू शकतो. सर्वांना तहानलेल्याला पाणी पाजावेसे वाटते आणि त्या प्रेमानेच घात होतो. नंतर 1962 या क्रमांकावर फोन करायचा. हा गुजरातमधील प्राण्यांच्या रुग्णवाहिकेचा क्रमांक आहे. इंटरॅक्ट क्लब सुरू झाल्याचे वर्षही तेच, म्हणून लक्षात ठेवायला सोपे!

सण संपला की काम संपले असे नाही. 15 तारखेला वासी उत्तरायणही होते आणि 16 पासून झाडांवर, तारांवर, गच्चीच्या कठड्यावर मांज्याची गुंतवळे लटकत राहतात. त्यांत पुढे कित्येक आठवडे पक्षी अडकतात. ती गोळा करून, बारीक कापून, पिशवीत बांधून पालिकेच्या कचरागाडीत द्यायची. हात पोचेल तेवढेच काढायचे. विजेच्या खांबाजवळ आणि तारांजवळ कोणीही जायचे नाही. तेथील गुंतवळ दिसले तर जागा वहीत लिहून शिक्षकांना सांगायची. या नियमाला अपवाद नाही.

मोठे झाल्यावर तुमच्यापैकी अनेक जण कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेत नाव घालतील. ही योजना 24 सप्टेंबर 1969 रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 37 विद्यापीठांत सुरू झाली. तिची रचना पाहण्यासारखी आहे. वर्षभरात एकशेवीस तास काम नेमाने करायचे आणि सुट्टीत सात दिवस एखाद्या गावात शिबिराला जायचे. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे सुरू केलेली श्रमसंस्कार छावणीही मे महिन्याच्या सुट्टीत, 15 ते 22 तारखेस भरत आली आहे. तेथे तरुण मुले पहाटे उठून कुदळ-फावडे घेऊन काम करतात आणि दुपारनंतर व्याख्याने ऐकतात. तेथे जायचे तर हातांना फोड येतील, हे आधीच सांगून ठेवते.

आता या दिवाळीपुरते. फळ्यावरील तीन रकाने भरून झाले आहेत. येथे राहणाऱ्यांत अकरा नावे आहेत, म्हणजे रक्तदानाची यादी होऊ शकेल. गावी जाणाऱ्या प्रत्येकाला एक छापील चिठ्ठी मिळेल. तिच्यावर गावाचे नाव, केलेले काम आणि न झालेले काम असे तीन रकाने आहेत. तिसरा रकाना रिकामा ठेवून आलात तर मला शंका येईल. शाळा उघडल्यावरच्या पहिल्याच शुक्रवारी सभा आहे. प्रत्येकाने उभे राहून दोन वाक्यांत सांगायचे, आणि 'जमले नाही' हे उत्तरही सचिव वहीत लिहून घेईल. मागचे इतिवृत्त या वेळी सातवीतील मदतनीस वाचणार आहे. गावाहून परतायला ज्यांना उशीर होणार आहे, त्यांनी आपली चिठ्ठी त्याच गाडीने येणाऱ्या एखाद्या सोबत्याबरोबर पाठवावी.